दोर सर्वांचा, मोगरी जाणत्याची

‘भाव तेथे देव’ ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की तिच्यापुढे एखादी शंका काढणे हेही थोडेसे अशिष्टपणाचे वाटावे. तथापि एक शंका अशी आहे की ती मनातून जाता जात नाही. जो मनुष्य वेतन न घेता, मानाची अपेक्षा न धरता, केवळ आपखुशीने एखाद्या कामाला उभा राहतो, त्याची परीक्षा घेण्याचा अधिकार समाजाला आहे काय? ‘तुमचा भाव शुद्ध आहे, पण तो पुरेसा नाही, आधी शिका, मग आम्ही तुमची योग्यता ठरवू आणि त्या योग्यतेपुरतेच काम देऊ,’ असे त्याला सांगणे न्याय्य आहे काय? की असे सांगताना आपण सेवेला नोकरीच्या पायरीवर आणून बसवितो?

हा प्रश्न आमच्यासमोर आला तो एका अनपेक्षित दिशेने. मोटारींच्या रॅली नावाच्या शर्यती होतात, त्यांच्या मार्गावर शेकडो स्वयंसेवक उभे असतात. त्यांना मार्शल म्हणतात. या मार्शलांना शिक्षण घ्यावे लागते, हजेरीच्या नोंदी ठेवाव्या लागतात, त्यांचे दर्जे ठरतात, आणि दर्जा वाढल्याशिवाय वरचे काम त्यांच्या हाती दिले जात नाही. फुकट राबणाऱ्या माणसावर इतके निर्बंध कशासाठी, असे कोणीही विचारील. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हांस शर्यतीच्या मैदानावरून आरंभ करावासा वाटत नाही. आमच्या मते त्याचे उत्तर कुंभकोणम्‌जवळच्या दारासुरम् या गावी, दगडात कोरून ठेवलेले आहे.

तंजावरच्या मराठी राज्यामुळे हा कावेरीकाठचा मुलूख आपल्याला परका नाही. व्यंकोजीराजांच्या वंशाचे राज्य १८५५ साली संपले, तरी त्या काळी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलतात. दारासुरम्‌चे ऐरावतेश्वराचे देवालय मात्र त्यांच्याहून पुष्कळ जुने. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने ते बांधविले आणि २००४ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. या देवालयाचा पुढचा मंडप रथाच्या आकाराचा आहे. त्याला दगडी चाके आहेत आणि दगडी घोडे तो ओढीत आहेत. याच देवालयात, गाभाऱ्याच्या भिंतीच्या पायाशी, नायन्मार म्हणविल्या जाणाऱ्या शिवभक्तांच्या कथा लहान लहान शिल्पांतून कोरल्या आहेत. सेक्किळार कवीने ‘पेरिय पुराणम्’ या ग्रंथात त्रेसष्ट भक्तांची चरित्रे सांगितली, तीच ही मालिका.

हे त्रेसष्ट भक्त बहुतेक सेवेकरी आहेत. कोणी दिवे लावतो, कोणी फुले गुंफतो, कोणी भुकेल्यांना जेवू घालतो. सातव्या शतकातील अप्पर तर हाती खुरपे घेऊन देवळांच्या आवारातील गवत काढीत हिंडले, आणि आजही तमिळनाडूत लोक जमून देवळांची अशी साफसफाई करतात ती त्यांच्या स्मरणाने. या मालिकेतील कण्णप्पाची कथा आमच्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याला भिडते. हा पारधी. शास्त्र त्याला ठाऊक नाही. देवाला स्नान घालायला तो तोंडात पाणी भरून आणतो, वाहायची फुले केसांत खोवून आणतो, आणि नैवेद्य म्हणून शिकारीचे मांस, तेही आधी चाखून पाहिलेले! शास्त्र जाणणारा पुजारी हे पाहून हळहळतो. पण देवाच्या डोळ्यातून रक्त वाहू लागते तेव्हा कण्णप्पा आपला डोळा काढून तेथे बसवितो. दुसराही डोळा वाहू लागला. तेव्हा आंधळेपणी जागा चुकू नये म्हणून देवाच्या डोळ्यावर पाय टेकवून तो आपला उरलेला डोळा काढायला निघतो. मग देवच त्याचा हात धरतो. नियमाप्रमाणे त्याची एकही कृती योग्य नव्हती. तरी अखेरीस तोच श्रेष्ठ ठरला.

‘भाव तेथे देव’ या म्हणीचे याहून बलवान उदाहरण मिळणे कठीण. मग परीक्षेचा प्रश्न येथेच निकालात निघाला, असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. कण्णप्पाची सेवा गोड झाली, कारण ती स्वीकारणारा देव होता. देवाला उष्टे चालते, पाय लागलेला चालतो. तो कृती बाजूला सारून अंतःकरण पाहू शकतो. देवाला आपल्या चुकीने इजा होत नाही. माणसाला होते. माणसाचे शरीर आपल्या हेतूकडे पाहून कमी भाजत नाही किंवा कमी रक्त सांडीत नाही. देवाची सेवा आणि माणसाची सेवा या दोहोंत उदात्ततेचे अंतर नसेल. पण चूक सोसण्याच्या शक्तीचे अंतर मात्र निश्चित आहे. भावाला कसबाची जोड हवी ती या अंतरामुळे.

हे अंतर भाविकांनाही फार पूर्वीच उमगले होते, याचा पुरावा रथोत्सवात मिळतो. दारासुरम्‌चा दगडी रथ आठ शतके जागचा हलला नाही. त्याच्याखाली कोणी सापडण्याचे भय नाही. लाकडी रथाची गोष्ट निराळी. कुंभकोणम्‌हून फार दूर नसलेल्या तिरुवारूरच्या त्यागराजाचा रथ सजविल्यावर सुमारे ९६ फूट उंच होतो आणि त्याचे वजन सुमारे ३०० टन भरते. हा डोंगर हजारो माणसे दोराने ओढतात. दोर धरायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हातारा धरतो, शाळकरी पोर धरते, परगावचा पाहुणाही धरतो. परंतु रथाला वळविणारी आणि थांबविणारी माणसे वेगळी असतात. चालत्या चाकाबरोबर राहून नेमक्या क्षणी, नेमक्या कोनात ती चाकाखाली लाकडी ठोकळा सारतात. तमिळमध्ये त्याला मुट्टुक्कट्टै म्हणतात. पुढे तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने या रथाला हायड्रॉलिक ब्रेक बसविले, तरी ठोकळ्याचे काम संपले नाही.

आपल्याकडे जळगावला कार्तिक शुद्ध एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ पासून चालत आलेल्या या उत्सवातही हीच व्यवस्था दिसते. तेथे या ठोकळ्याला मोगरी म्हणतात, आणि मोगरी लावणारे कोण हे साऱ्या गावाला ठाऊक असते. दोर ओढायला जमलेल्या गर्दीतून कोणी उठावे आणि ‘माझाही भाव आहे, आज मोगरी मी लावणार’ असे म्हणावे, हे कोणी चालवून घेणार नाही. यात त्याच्या भक्तीचा अपमान आहे असेही कोणी मानीत नाही. दोर सर्वांचा; मोगरी जाणत्याची. ही वाटणी कोणा शास्त्राने सांगितलेली नाही, चाकाच्या वजनाने सांगितलेली आहे.

आणि जेथे धोका ओळखणारी जाणती नजर कमी पडते तेथे काय होते, हेही याच मुलखाने पाहिले आहे. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे तंजावरजवळच्या कळिमेडु गावी अप्परांच्याच उत्सवाचा रथ विजेच्या उच्च दाबाच्या तारेला लागला आणि ११ माणसे गेली. ज्या संताने खुरपे हाती घेऊन सेवेचा धडा घालून दिला, त्याच्या उत्सवात सेवेला आलेल्यांचा असा अंत व्हावा, हे मन विषण्ण करणारे आहे. तेथे भाव उणा होता असे कोण म्हणेल?

आता मोटारीच्या रथाकडे वळू. रॅली या शब्दाने आपल्याला मोर्चा किंवा मिरवणूक आठवते. पण येथे अभिप्रेत असलेली रॅली म्हणजे रोजच्या वहिवाटीचे किंवा रानातले रस्ते काही काळ बंद करून त्यांवर भरविलेली शर्यत. गाड्या एकदम सुटत नाहीत. एक-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक सोडली जाते. चालकाच्या शेजारी सहचालक असतो आणि तो पुढच्या वळणांची टिपणे वाचून दाखवितो. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यती आणि पुढे साउथ इंडिया रॅली यांमुळे तमिळनाडूत या खेळाची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रातही नाशिकच्या परिसरात अशा स्पर्धा झालेल्या आहेत. देशातील या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते आणि अधिकाऱ्यांना परवानेही तीच देते.

रॅलीचा मार्ग कित्येक किलोमीटर पसरलेला असतो. बांधीव मैदानाप्रमाणे तो एका दृष्टिक्षेपात मावत नाही. म्हणून ठिकठिकाणी मार्शल उभे करावे लागतात. दुरून पाहणाऱ्याला वाटते, यांना काय काम? झेंडा धरून उभे राहायचे! वस्तुतः प्रत्येक गोष्टीला शास्त्र आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहायचे नाही, कारण ताबा सुटलेली गाडी तिकडेच फेकली जाते. येणाऱ्या गाडीकडे पाठ करायची नाही. खाली बसायचे नाही. मागे पळायला वाट आहे की नाही हे आधी पाहून ठेवायचे. बिनतारी यंत्रावरील मार्शलने गेलेल्या प्रत्येक गाडीचा क्रमांक टिपून ठेवायचा, कारण आधीच्या ठाण्यावरून निघालेली गाडी पुढच्या ठाण्यावर पोहोचली नाही तर मधल्या रानात काही घडले आहे हे त्या कोऱ्या राहिलेल्या ओळीवरूनच कळते. अपघात झालेल्या चालकांनी ठीक असल्यास ‘ओके’ची पाटी दाखवायची असते आणि मदत हवी असल्यास लाल ‘एसओएस’ची, ती पाटी वाचून काय करायचे हे ठरलेले असते. आग विझविताना फवारा ज्वाळांवर न मारता त्यांच्या मुळाशी मारायचा. जखमी माणसाचे शिरस्त्राण घाईने ओढून काढायचे नाही, कारण मानेच्या मणक्याला त्याने कायमची इजा होऊ शकते. या शेवटच्या नियमाकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. तळमळत्या माणसाचे डोके मोकळे करावे ही अगदी स्वाभाविक दयेची प्रेरणा. आणि तीच त्याला जन्माचा पांगळा करू शकते!

दर्जे ठरविण्याची रीत देशोदेशी थोडी वेगळी असली तरी तिचा सांगाडा एकच असतो. नवख्याने प्रथम अनुभवी मार्शलाच्या शेजारी उभे राहायचे. प्रत्येक स्पर्धेची हजेरी नोंदवहीत चढते आणि तिच्यावर ठाण्याच्या प्रमुखाची सही होते. ठरावीक स्पर्धा झाल्या, आग, प्रथमोपचार, संदेशवहन यांचे वर्ग झाले, कोणी जाणत्याने काम पाहून पसंत केले, म्हणजे वरचा दर्जा. त्यापुढे ठाण्याचे प्रमुखपद आणि त्याहीपुढे मार्गाच्या संपूर्ण टप्प्याची जबाबदारी. वर्षांमागून वर्षे फिरकला नाही तर मिळालेला दर्जा टिकेलच असे नाही.

या रीतीवरचा पहिला आक्षेप आम्ही आरंभीच सांगितला: फुकट देणाऱ्याची झडती घेऊ नये. दान देणाऱ्याचे दात मोजायचे नसतात, असे कोणी विनोदाने म्हणेल. या आक्षेपाला आम्ही युक्तिवादाने उत्तर देण्यापेक्षा दोन घटना सांगतो. दोन्ही रॅलीतल्या नाहीत, बांधीव मैदानावरील शर्यतींतल्या आहेत; पण मार्शलाचा धर्म दोन्हीकडे एकच.

५ मार्च १९७७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे शर्यत चालू असता एक गाडी धावपट्टीच्या कडेला थांबली आणि तिला किरकोळ आग लागली. पलीकडच्या बाजूने दोन मार्शल तिकडे धावले. त्यांतला एक होता १९ वर्षांचा तरुण. त्याच्या हाती आग विझविण्याचे जड नळकांडे होते. चढावामागून भरवेगाने गाड्या येत होत्या. त्यांतली एक टॉम प्राइस चालवीत होता. त्याला तो तरुण दिसला तेव्हा काहीही करायला अवसर उरला नव्हता. तरुण जागीच गेला; नळकांडे चालकाच्या डोक्यावर आदळले आणि प्राइसही गेला. ज्या आगीसाठी हे घडले तिने मात्र कोणाचाच बळी घेतला नाही.

त्याआधी चार वर्षे, २९ जुलै १९७३ रोजी, हॉलंडमधील झांडव्होर्ट येथे रॉजर विल्यमसन या तरुण चालकाची गाडी उलटून पेटली. तो आत अडकला होता, पण जिवंत होता. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या चालकाने आपली शर्यत सोडली, धावत जाऊन तो एकटा ती गाडी सरळ करू लागला. जवळ मार्शल होते; पण त्यांच्या अंगावर आगीत टिकणारे कपडे नव्हते, आणि अशा आगीला भिडण्याची तयारीही नव्हती. ते पुढे होऊ शकले नाहीत. शर्यत चालूच राहिली. विल्यमसन गुदमरून मेला. पर्लीला पुढे शौर्याबद्दल जॉर्ज पदक मिळाले. परंतु छायाचित्रांतला त्याचा तो हताश चेहरा पाहिलेल्या कोणालाही त्या पदकाने समाधान वाटले नसेल.

एके ठिकाणी जो धावायला नको होता तो धावला. दुसरीकडे ज्यांनी धावायला हवे होते ते उभे राहिले. पहिल्याला आपण अविचारी म्हणू आणि दुसऱ्यांना भित्रे म्हणू, तर तो दोघांवरही अन्याय होईल. पहिल्याचा भाव निर्मळ होता यात शंका नाही, आणि दुसऱ्यांचाही मलिन होता असे मानायला आधार नाही. उणीव होती ती निराळ्याच जागी. कोणत्या क्षणी धावायचे, कोणत्या क्षणी थांबायचे, आणि धावायचे तर काय घेऊन आणि कोणाच्या इशाऱ्याने, हे त्यांच्या अंगी मुरलेले नव्हते. ते त्या क्षणी विचार करून सुचत नसते. विचाराला वेळ असेल तेव्हाच ते शिकून ठेवावे लागते.

म्हणून आम्हांस असे वाटते की शिक्षण आणि परीक्षा ही स्वयंसेवकावर लादलेली अट मुळी नव्हेच. ते त्याचे देणे आहे आणि ते सेवा स्वीकारणाऱ्याने फेडायचे आहे. कोणी आपला वेळ आणि प्रसंगी आपला प्राण आपल्या ओंजळीत घालतो, तेव्हा ‘तुझा भाव फार मोठा’ असे म्हणून त्याला झेंडा देऊन वळणावर उभे करणे हा कृतज्ञतेचा आव आणलेला कृतघ्नपणा होय. गीतेने दानाचा विचार करताना देश, काळ आणि पात्र यांचा विवेक सांगितला. तेथे पात्रता पाहायची ती घेणाऱ्याची. सेवेच्या बाबतीत हा विवेक देणाऱ्यालाही लागू करावा लागतो. त्यात त्याचा उपमर्द नाही, त्याचे रक्षणच आहे. त्या १९ वर्षांच्या मुलाला ‘तू अजून ही धावपट्टी ओलांडायची नाहीस’ असे कोणी बजावून सांगितले असते, तर ते वाक्य त्याच्या सेवेला कमीपणा आणणारे ठरले असते काय?

सेवा कोणाची, हाही प्रश्न येथे येतो. मार्शल केवळ शर्यतपटूंचा सेवक नव्हे. २१ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीचा एक टप्पा चालू असता बंद केलेल्या रस्त्यावर एक दुचाकी आली आणि शर्यतीच्या गाडीखाली एकाच कुटुंबातील तिघे ठार झाले. मनाई न जुमानता दुचाकी आत शिरली असे संयोजकांनी तेव्हा सांगितले. दोष कोणाचा याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्या रस्त्यावरच्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. हा रस्ता त्याच्या नित्याचा. त्यावरून तो बाजाराला जातो, सोयऱ्यांकडे जातो. आज तेथे शहरातून आलेला कोणी अनोळखी तरुण रंगीत जाकीट घालून ‘जाऊ नका’ म्हणतो. का ऐकावे त्याने? त्याला त्याच्या बोलीत, त्याच्या मानाला धक्का न लावता, थांबण्याचे कारण पटवून देणे हे कसब आहे. आणि इतके करूनही कोणी आत शिरलाच, तर त्याच क्षणी यंत्रावरून ती खबर देऊन पुढच्या गाड्या रोखविणे हे दुसरे कसब. अडविणे एवढेच मार्शलाचे काम नव्हे. अडविणे निष्फळ झाले तर पुढे काय, याचे उत्तर त्याच्याजवळ तयार असावे लागते. ज्याने खेळ मागितला नाही, ज्याला खेळाशी कर्तव्य नाही, त्याच्या जिवाची राखण हे या सेवेचे सर्वांत नाजूक अंग आहे, आणि नवख्याला उभे करतात ते बहुधा अशाच आडवाटेच्या तोंडाशी. दर्जांचा विचार करताना संयोजकांनी हे उलटे गणित सरळ करावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. दर्जे आले की उतरंड आली, उतरंड आली की हेवा आला. सेवा करायला आलेला मनुष्य हळूहळू सह्या गोळा करू लागतो आणि वरच्या दर्जाचा खालच्याला तुच्छ लेखू लागतो. ज्या देशाने माणसांच्या पायऱ्या लावून हजारो वर्षे दुःख भोगले त्याने सेवेतही पायऱ्या कराव्यात काय? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण त्याचे दुसरे अंगही पाहावे. कसबाची कामे पूर्वी पुष्कळशी घराण्यांत चालत. बापाने मुलाला शिकवावे आणि बाहेरच्याने दुरून पाहावे, अशी ती रीत. तिने कसब टिकविले, पण दार बंद ठेवले. परीक्षा ते दार उघडते. तुम्ही कोणाचे कोण हे ती विचारीत नाही. तुम्हाला येते काय एवढेच विचारते, आणि येत नसेल तर ‘शिका आणि पुन्हा या’ म्हणते. जन्माने मिळालेली पायरी सुटत नाही. परीक्षेची पायरी चढता येते आणि, तितकेच महत्त्वाचे म्हणजे, ती हातची जाऊही शकते. दर्जा हा मानाचा बिल्ला समजला तर हेवा येणारच. परंतु दर्जा म्हणजे मर्यादा, म्हणजे ‘येथपर्यंत तुझ्यावर विसंबता येईल’ एवढीच खूण, असे समजले तर त्यात हेव्याला जागा थोडी उरते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. अटी कडक केल्या तर माणसे येईनाशी होतील. ही भीती खोटी नव्हे. स्कॉटलंडमध्ये २०१३ साली स्नोमॅन रॅलीत एक आणि ३१ मे २०१४ रोजी जिम क्लार्क रॅलीत तीन प्रेक्षक मृत्यू पावले. त्यानंतर तेथील शासनाने या खेळाच्या सुरक्षिततेची चौकशी करविली आणि मार्शलांच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियम पुढे अधिक काटेकोर झाले. वर्षानुवर्षे हौसेने येणाऱ्या काही जुन्या मंडळींना ते जाचक वाटले असल्यास नवल नाही. पण शर्यतीपुरते उत्तर सोपे आहे: जाणते मार्शल पुरेसे मिळत नसतील, तर ती शर्यत होऊ नये. एक शर्यत न झाल्याने जगाचे काही अडत नाही.

अडते ते अन्यत्र. कुंभकोणम्‌ला बारा वर्षांनी महामहम् नावाचे पर्व येते. त्या वेळी लाखो लोक एका तळ्यात स्नानासाठी लोटतात. १८ फेब्रुवारी १९९२ च्या पर्वात तेथे चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास माणसे मरण पावली. नाशिकच्या २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला ३९ भाविक असेच गेले. ही पर्वे कोणी रद्द करू शकत नाही, करूही नयेत. २०२८ साली महामहम् पुन्हा येईल, आणि पोलिसांच्या बरोबरीने तेथे शाळा-महाविद्यालयांतली मुले, मंडळांचे कार्यकर्ते, धर्मादाय संस्थांची माणसे स्वयंसेवक म्हणून उभी राहतील. त्यांना केवळ पट्टा आणि शिट्टी देऊन भागणार नाही. गर्दी केव्हा दाट होते आणि केव्हा घातक होते, लोंढ्यासमोर उभे न राहता त्याला बाजूने कसे वळवावे, पुढे कोणी पडले आहे हे मागच्यांना कसे कळवावे, हे त्यांना आधी शिकवावे लागेल. मोटारींच्या खेळाने आपली माणसे गमावून जो धडा घेतला तो येथे फुकट मिळण्यासारखा आहे.

मात्र शिक्षणाच्या या पुरस्कारात आम्हांस एक सावधगिरी सांगितली पाहिजे. झांडव्होर्टला जो धावला तो मार्शल नव्हता. त्याचा तेथे कोणताही दर्जा नव्हता. ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणायला त्याच्याइतका मोकळा दुसरा कोणी नव्हता, आणि तरीही तोच धावला. दर्जांची उत्तम व्यवस्था झाली आणि तिच्या आडोशाला उभे राहून माणसे ‘माझी पायरी एवढीच’ म्हणू लागली, तर आपण कसब मिळविले आणि कण्णप्पा गमावला असे होईल. परीक्षेने भाव निर्माण करता येत नाही. तो आधीच असावा लागतो. परीक्षा त्याला हात देते, डोळे देते, आणि केव्हा थांबावे याचे भान देते. पर्ली एकटा नसता, त्याच्या दोन्ही अंगांना त्याच्याच भावाची पण शिकलेली आणि सज्ज अशी तीन-चार माणसे असती, तर ती गाडी कदाचित उलथली असती.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. सेवेकऱ्याची परीक्षा घ्यावी. पण सेवा जितकी दुसऱ्याच्या जिवाला स्पर्श करील तितकीच ती कडक असावी. जेथे चूक झाली तर फुले वाकडी गुंफली जातील, तेथे ‘भाव तेथे देव’ ही म्हण पुरेशी आहे. जेथे चूक झाली तर चाक माणसावरून जाईल, तेथे भावाने कसबाचे शिष्यत्व पत्करावे, आणि ते पत्करणे हाही भावाचाच भाग मानावा. नवख्याला घरी पाठवू नये. त्याच्यासाठी दोर आहे, आणि दोर ओढल्यावाचून कोणताही रथ हलत नाही. दोर ओढता ओढताच त्याने चाकाकडे पाहावे, जाणत्याच्या हाताकडे पाहावे. एक दिवस मोगरी त्याच्याही हाती येईल. आणि ती हाती देणाऱ्याने त्याची योग्यता पारखून दिली आहे, एवढा विश्वास रथापुढे चालणाऱ्या प्रत्येकाला असला पाहिजे.